एकाच बाकावर मालक आणि मिस्त्री

माझे वडील उंब्रजला हमरस्त्याच्या कडेच्या एका लहान वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत, लेथ मशीनवर लोखंडाचे भाग कातून देतात. मी साताऱ्याला कॉलेजात शिकतो आणि वसतिगृहात राहतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून सुट्टीत गावी गेलो की लोक मला काहीबाही विचारतात. एसटीचा पास कसा काढायचा, डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, बँकेत खातं उघडायला काय लागतं. यातलं मला फारसं काही येत नाही. तरी "बघतो" म्हणायची सवय लागली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मात्र असं काही बघावं लागलं की ते लिहून ठेवावंसं वाटतं. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

वर्कशॉपचे मालक आमच्याच गावचे. फौजेत मेकॅनिक होते. पेन्शन घेऊन आले आणि रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. पाण्याची इंजिनं, उसाच्या गाड्यांचे आस, गुऱ्हाळाचे चरक अशी कामं तिथं येतात. माणसं पाच-सहाच. वडील पहिल्या दिवसापासूनचे. लेथ मशीन सांगलीहून ट्रकमधून आलं तेव्हा ते उतरवून घ्यायला वडीलच पुढे होते. गावात सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मालकही.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असते. पाने, हातोड्या, छिन्न्या धुऊनपुसून पाटावर मांडतात. लेथला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू लावतात. एकदा पूजा मांडली की दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. त्या वर्षीही सकाळी मालकांनी स्वतः नारळ फोडला. मी सुट्टीवर आलो होतो, प्रसादाला गेलो होतो. खोबरं वाटून होतंय तेवढ्यात पाटणकडचा एक गुऱ्हाळवाला जीपमधून उतरला. त्याच्या चरकाचा दांडा मोडला होता. तोडलेला ऊस गुऱ्हाळावर येऊन पडला होता आणि तो वाळायला लागला होता. मालकांचा तो फौजेतला जुना दोस्त.

मालक वडिलांना म्हणाले, "मिस्त्री, तेवढा नवा दांडा मशीनवर वढून द्या. तासाभराचं काम हाय."

वडील माळेकडे बघत म्हणाले, "आवं मालक, आत्ताच देव बसवला. उठवायचा कसा? परवा पहाटं येतो, उजाडायच्या आत करून देतो."

"परवापतुर ऊस थांबतोय व्हय? फौजेत आमी दसऱ्याला शस्त्रं पुजायचो. म्हून काय तोफा बंद ठेवायचो का?"

"तोफांचं मला काय म्हाईत न्हाई. ह्या मशीनचं म्हाईत हाय."

शेडमधली माणसं हसली. तिथंच बिघडलं. दोस्तासमोर हसू झालं हे मालकांना लागलं. ते म्हणाले, "मशीन माझं हाय, मिस्त्री. ध्यानात ठेवा."

"मग चालवा तुमीच."

"व्हय, चालवतो. उद्यापासनं येऊ नगा."

वडिलांनी टोपी डोक्यावर नीट केली, पूजेला पुन्हा एकदा हात जोडले आणि घरी आले. माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा तसाच होता.

आता इथं आमच्याकडचं एक सांगितलं पाहिजे. रागारागात "येऊ नका" म्हटलं तर ते कुणी खरं धरत नाही. ज्यानं म्हटलं त्यानं दोन दिवसांनी घरी यायचं, चहा घ्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि निघताना "चला" म्हणायचं. माणूस मग कोपऱ्यातली चप्पल घालून त्याच्याबरोबर निघतो. झालेलं बोलणं कुणी काढत नाही. लग्नात रुसलेल्या पाहुण्यालाही असंच आणतात. वडील त्या हिशेबानं घरी बसले होते. दसरा झाला. ते सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ओसरीवर बसायचे. रस्त्यावर कुणाची चाहूल लागली की दुसरीकडे बघायचे.

मालक काही आले नाहीत. कारण मालकांच्या फौजेत दुसरा रिवाज होता. तिथं जो लाइन, म्हणजे आपली बराक, सोडून जातो त्यानंच येऊन हजर व्हायचं असतं. ते शेडमध्ये बसून वडिलांची वाट बघत होते. हे आम्हाला फार नंतर कळलं.

आईचं सुरुवातीपासून एकच म्हणणं होतं. "आवं, तुमी जावा की कामावर. त्यास्नी एकट्याला जमतंय का?"

"बोलवायला आल्याबिगर जात नसत्यात."

"न्हाई आले तर?"

"येतील. कुठं जात्यात?"

मग एक दिवस दळण घेऊन आलेली शेजारची बाई सांगून गेली की मालकांनी सांगलीच्या एका टर्नरला निरोप धाडलाय. वडील त्या दुपारी जेवले नाहीत. वडिलांना सांगलीत काम मिळालं नसतं असं नाही. आईचं माहेर तिकडंच आहे आणि तिथं कारखान्यांना काय तोटा. पण त्यांनी या शेडमध्ये उमेदीची वर्षं घालवली होती. त्या मशीनचा आवाज बदलला की ते घरी येऊन सांगायचे, आज मशीन जरा कुरकुरत होतं. त्यांना तीच जागा हवी होती. एवढंच काय ते पणाला लागलं होतं आणि तेवढंच आमच्या घराला घोर लावायला पुरेसं होतं.

त्या रात्री मी चाचरत म्हणालो, "बापू, आपण साताऱ्यात कुणालातरी विचारू या का? आमचे अर्थशास्त्राचे सर एकदा वर्गात म्हणाले होते, तिथं एक वकील आहेत. फक्त मालक आणि कामगार यांच्यातलंच बघतात."

वडील दचकलेच. "वकील? म्हंजे मालकावर केस करू?"

"केस नाही. नुसतं विचारायचं."

"वकिलाकडं गेलं म्हंजे कोर्टातच गेलं की रं. गावात तोंड दावायला जागा ऱ्हाईल का?"

मी म्हणालो, पोटात दुखलं की डॉक्टरकडे जातो, तेव्हा काही लगेच ऑपरेशन नसतं. वडिलांनी ते ऐकून घेतलं. पण ते कबूल झाले ते आईमुळे. ती म्हणाली, "जाऊन या. लोकास्नी सांगा, पोराच्या वसतिगृहाचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर गेलो, तर साताऱ्याच्या गाडीला मालक उभे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. पळून जायला जागा नव्हती.

"काय मिस्त्री, कुनीकडं?"

"पोराच्या वसतिगृहाचं जरा काम हाय. तुमी?"

"पेन्शनचं जरा बघायचं हाय."

गाडी भरलेली होती. आत एकच बाक रिकामा मिळाला आणि आम्ही तिघं त्याच्यावर. मी खिडकीशी, मध्ये वडील, कडेला मालक. गाडी सुटली. मग वडिलांनी नेहमीसारखी तंबाखूची चंची काढली, चुना लावून तंबाखू मळली आणि अर्धी न बोलता मालकांच्या पुढे धरली. मालकांनी ती घेतली. आमच्याकडे कितीही वाकडं आलं तरी समोर धरलेली तंबाखू परत करत नाहीत. त्यानंतर साताऱ्यापर्यंत बोलणं झालं ते उसावर, पाऊस कसा लवकर उघडला त्याच्यावर आणि ड्रायव्हर ब्रेक फार दाबतो याच्यावर. मी मनातल्या मनात वकिलांना काय सांगायचं ते जुळवत होतो.

साताऱ्याला उतरल्यावर मालक एकीकडे गेले, आम्ही दुसरीकडे. वडिलांनी मुद्दाम मला वसतिगृहाच्या रस्त्यानं थोडं चालवलं आणि मग वळून पत्ता विचारत आम्ही वकिलांच्या घराशी पोचलो. बाहेरच्या पडवीत एक लांब बाक होता, त्याच्यावर आम्ही बसलो. आत कुणीतरी बोलत होतं. इतक्यात फाटक वाजलं, बघतो तर मालक!

मालकांचा चेहरा असा झाला होता की मला हसू येईल की काय याची भीती वाटली.

"पेन्शन हितं मिळती व्हय?" वडील म्हणाले.

"वसतिगृह बी हितंच दिसतंय," मालक म्हणाले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

आता पुढचं झालं ते आमच्याच माणसांकडून व्हावं असं. आतला माणूस गेल्यावर वकिलांच्या कारकुनानं दार उघडून विचारलं, "आधी कोण आलंय?" आम्ही आलो होतो. मी उठायला लागलो. पण वडिलांनी माझा हात दाबला आणि मालकांकडे वळून म्हणाले, "जावा मालक. तुमी आधी."

"छे, छे. तुमी आधीपास्नं बसलाय."

"असं कसं? तुमी मोठं मानूस. तुमच्या आधी मी आत शिरू व्हय?"

"मिस्त्री, जावा म्हंतो ना."

"न्हाई, न्हाई. जावा तुमी."

मी हळूच म्हणालो, "बापू, आपला नंबर..." वडिलांनी डोळे वटारले. कारकून वैतागला. शेवटी मालक उठले, शर्ट ओढून सारखा केला आणि आत गेले. वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. भांडण भांडणाच्या जागी आणि मान मानाच्या जागी, असं त्यांना वाटलं असावं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मालकांच्या मागोमाग वकील स्वतः बाहेर आले. चष्मा कपाळावर, वयानं साधारण वडिलांएवढे. त्यांनी विचारलं, "लेथवरचे मिस्त्री ते तुम्हीच का?"

वडील उभे राहिले. "व्हय साहेब."

"मग मला माफ करा. तुमच्या मालकांनी मला सगळं सांगितलंय आणि माझा सल्ला घेतलाय. आता याच कामात मी तुमचं ऐकू शकत नाही. दोन्हीकडचं एकाच कानानं ऐकलं तर ते कुणाच्याच कामाचं राहत नाही."

वडिलांना ते कळायला वेळ लागला. "म्हंजे आमी आत यायचंच न्हाई?"

"नाही. तुम्ही आधी आला असता तर हेच मला तुमच्या मालकांना सांगावं लागलं असतं."

वडील बाकावर बसले. एवढ्या लांबून, खोटं सांगून आलो होतो आणि दार बंद झालं होतं ते नुसत्या अदबीमुळे. तेव्हा मालकच पुढे आले. त्यांचा आवाज पडला होता.

"साहेब, असं असतंय हे मला म्हाईत न्हवतं. त्यांनीच मला म्होरं धाडलं. हे काय बराबर झालं न्हाई. त्यास्नी दुसरं कोन हाय का? मी घिऊन जातो."

वकील हसले. "तुम्ही नका नेऊ. मी पत्ता देतो, ते जातील. आणि गाडीत बसाल तेव्हा या विषयावर दोघंही बोलू नका. आपापल्या सल्लागारानं काय सांगितलं तेही एकमेकांना सांगू नका."

मला वाटलं की विचारायचं ते आत्ताच. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही ज्यांचा पत्ता देणार ते तुमच्या ओळखीचे, मग ते आमच्या बाजूनं बोलतील ना?" विचारल्यावर कान तापले. पण वकिलांना राग आला नाही. ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. कोर्टात आम्ही दोघं नेहमी समोरासमोर असतो. आजवर एकदाही आमचं एकमत झालेलं नाही. जा निर्धास्त."

दुसरे वकील म्हातारे होते. पिठाच्या गिरणीच्या वर त्यांची खोली होती आणि गिरणी चालू झाली की बोलणं थांबवायला लागायचं. त्यांनी वडिलांना बसायला सांगितलं आणि सगळं पहिल्यापासून ऐकलं. तोफांचं आलं तेव्हा ते मनापासून हसले. मग विचारलं, "तुम्ही म्हणालात, मग चालवा तुमीच. आणि त्या दिवसापासून घरी आहात. एकदाही गेला नाहीत?"

"बोलवायला आलं न्हाईत साहेब. कसा जाऊ?"

"तुमच्या गावात ते बरोबर आहे. पण कायद्यासमोर तुम्ही घरी बसलेला माणूस आहात. उद्या कुणी म्हटलं की यांनी स्वतःच काम सोडलं, तर तुम्ही काय दाखवणार? तुम्ही रुसलाय हे कायद्याला दिसत नाही."

गिरणी सुरू झाली, थांबली. मग म्हातारे वकील सावकाश सांगू लागले. इतक्या वर्षांच्या माणसाला मालकानं तोंडानं "येऊ नको" म्हणून काढता येत नाही. त्याची चूक असेल तर ती आधी लिहून कळवायला लागते, त्याचं म्हणणं ऐकायला लागतं. ते झालेलं नाही. म्हणून बाजू आपली आहे. पण घरी बसून राहिलात तर ती बाजू रोज थोडी थोडी हातातून जाते. "उद्या सकाळी रोजच्या वेळेला जा. दारात उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणा, मी कामावर आलोय. आत घेतलं तर कामाला लागा. नाही घेतलं तर भांडू नका, तडक माझ्याकडे या. मग पुढचं लेखी. आणि कशावरही सही करायला सांगितलं तर आधी या मुलाला वाचू द्या, त्याला कळलं नाही तर मला."

उठताना वडिलांनी विचारलं, "मालकावर केस व्हनार का?"

"तुम्ही वेळेवर आलात म्हणून बहुतेक नाही. लोक माझ्याकडे सगळं मोडल्यावर येतात. तेव्हा मी कोर्टाशिवाय दुसरं काय दाखवणार?"

परतीच्या गाडीत मालक पुन्हा भेटले. जाताना तंबाखू वडिलांची होती, या वेळी मालकांनी शेंगा घेतल्या होत्या. तिघांनी मिळून खाल्ल्या, टरफलं कागदात गोळा केली. मला वाटतं, एवढं काही पोटात ठेवून इतक्या गप्पा मारणारी दोन माणसं मी पुन्हा बघणार नाही. उंब्रज आलं तसे मालक म्हणाले, "वसतिगृहाचं झालं का काम?"

"झालं. तुमची पेन्शन?"

"मिळंल, मिळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील रोजच्या वेळेला निघाले. मीही बरोबर. सही वगैरे निघाली तर वाचायला म्हणून. गल्ली ओलांडून हमरस्त्याकडे वळलो, तर समोरून मालक येताना दिसले. इस्त्रीचाच शर्ट. ते आमच्या घरी निघाले होते. मागाहून कळलं, त्यांच्या वकिलांनी त्यांना सांगितलं होतं की नवा माणूस बोलावून तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. शब्द रागाचा होता तर तो लवकर मागे घ्या, स्वतः जाऊन आणा. आणि पुढे खरंच कुणाला काढायची वेळ आली तर काढायच्या आधी या, काढल्यावर नको.

रस्त्याच्या मधोमध दोघं थांबले. वडिलांना वकिलांनी सांगितलेलं म्हणायचं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि रस्त्यावरच मोठ्यानं म्हणाले, "मी कामावर आलोय."

दोन बैलगाड्या जात होत्या, गाडीवान वळून बघू लागले. मालक गोंधळले. "व्हय, पर अजून शेड लांब हाय की. मी तुमच्याकडं चहाला निघालतो."

"मग चला घरला."

"आता कामाची येळ झाली. चला शेडवर."

पुन्हा "तुम्ही आधी" सुरू होतंय असं वाटून मी न राहवून म्हणालो, "चहा मी शेडवर आणतो." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे आधी कुणाला सुचायला हवं होतं. मग ते बरोबरीनं चालू लागले. मी पळत घरी गेलो, आईकडून किटली भरून घेतली. शेडपाशी पोचलो तेव्हा मशीन सुरू झालं होतं आणि वडील नेहमीसारखे एक कान त्याच्याकडे करून उभे होते.

सांगलीचा टर्नर त्याच दुपारी येऊन थडकला. नको म्हणून पाठवलेला निरोप त्याला पोचलाच नव्हता. पोरगा तरुण होता, बिचारा पिशवी घेऊन उभा. मालकांनी त्याला जेवू घातलं, गाडीभाडं दिलं, चुकलं म्हणाले. वडिलांनी त्याला मशीन दाखवलं. पुढच्या वर्षीपासून मालकांनी सुट्ट्या आधीच ठरवून सगळ्यांना सांगितल्या. खंडेनवमी आणि दसरा, दोन्ही दिवस शेड बंद. गुऱ्हाळवाल्या दोस्तालाही बजावलं की दांडा मोडायचा तर आधी मोड. त्या वर्षी त्यानं तो दांडा कुठून ओढून घेतला, ते मात्र मी अजून विचारलेलं नाही.

वडील कामावर परतले त्या रात्री जेवताना आईनं विचारलं, "एवढं साताऱ्याला जाऊन वकील काय म्हनला?"

"कामावर जावा म्हनला," वडील म्हणाले.

"आणि मी काय म्हनत हुते?"

मला हसू आवरेना. आईही हसत होती. वडील मात्र भाकरी मोडता मोडता विचार करत होते. मग म्हणाले, "तुझं ऐकून गेलो असतो तर मी हरून गेलो असतो. त्येंचं ऐकून गेलो, तर माझा हक हाय म्हून गेलो. पाय तेच, वाट तीच. पर चालताना लय फरक वाटला गं."

आईनं त्यांच्या ताटात आणखी आमटी वाढली. त्यांनी ती संपवली आणि पुन्हा मागितली.